गोंगाटात किती समजतं? कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्यांची चाचणी घ्यायला शिकणाऱ्यांसाठी

सीआय, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) बसवलेली माणसं मॅपिंगला, म्हणजे त्या यंत्राची जुळवणी (मॅप) करून घ्यायला आली की त्यांची तक्रार सहसा शांत खोलीबद्दल नसते. "घरी दोघंच असलो की सगळं कळतं. लग्नात, बसमध्ये, भिशीच्या बैठकीत नुसता कल्ला ऐकू येतो." आणि आपण त्यांना तपासतो कुठे? बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या बूथमध्ये, दार लावून, शांततेत. तिथे वाक्यांचा स्कोअर ९० टक्के येतो, तो फाइलमध्ये लिहिला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

बीएएसएलपीची (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांच्या पदवीची) इंटर्नशिप करणारे किंवा सीआय क्लिनिकमध्ये नुकतेच रुजू झालेले ऑडिओलॉजिस्ट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून इम्प्लांट झालेली मुलं आता मोठी होत आहेत. वयस्क रुग्णही वाढत आहेत. त्यांच्या फाइलमध्ये गोंगाटातला एक तरी भरवशाचा आकडा असायला हवा. भरवशाचा म्हणजे असा, की वर्षभराने पुन्हा मोजल्यावर फरक दिसला तर तो माणसाच्या ऐकण्यातला असेल, आपल्या खोलीतला, स्पीकरमधला किंवा मार्क देण्याच्या पद्धतीतला नसेल. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

आधी कारण समजून घ्या

रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की बोलण्याचा आवाज वारंवारतेच्या अवघ्या चार पट्ट्यांमध्ये विभागून, बारीक तपशील काढून टाकून ऐकवला तरी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना शांततेत तो बराचसा समजतो. इम्प्लांटही आवाज असाच पट्ट्यांत वाटून वेगवेगळ्या इलेक्ट्रोडना देतं, म्हणूनच ते काम करतं. गोंगाट आला की चार पट्ट्या अपुऱ्या पडतात. इम्प्लांटच्या प्रकारांपैकी न्यूक्लियसमध्ये २२, ॲडव्हान्स्ड बायोनिक्समध्ये १६ आणि मेडेलमध्ये १२ इलेक्ट्रोड किंवा संपर्क असतात, पण एका इलेक्ट्रोडचा प्रवाह शेजारच्यांच्या हद्दीत पसरतो. २००१ सालच्या फ्रीझन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात इम्प्लांट वापरणाऱ्यांचा स्कोअर साधारण आठ चॅनेलनंतर वाढायचा थांबला. चांगल्या कानांना मात्र त्यापुढेही प्रत्येक जादा चॅनेलचा फायदा होत राहिला.

शिवाय सूर, म्हणजे आवाजाची उंची, इम्प्लांटमधून नीट पोचत नाही. एका वेळी दोन माणसं बोलत असली की आपण त्यांच्या आवाजाच्या उंचीवरून त्यांना वेगळं करतो. सीआय वापरणाऱ्याला ही सोय जवळपास नसते. रुग्णाच्या घरच्यांना हे समजावून सांगा. "लक्ष देत नाही" हा आरोप बऱ्याच घरांत होतो आणि तो अन्यायाचा आहे.

पहिली पायरी: कशासाठी मोजताय ते लिहून काढा

चाचणी सुरू करण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहा. "नवा मॅप जुन्यापेक्षा गोंगाटात बरा आहे का?" "मागून गोंगाट आला तर दिशादर्शक मायक्रोफोनचा उपयोग होतो का?" "दुसऱ्या कानातल्या श्रवणयंत्राची भर पडते का?" या तिन्ही प्रश्नांना स्पीकरची मांडणी वेगळी लागते, प्रोसेसरचं, म्हणजे आवाज टिपून इम्प्लांटला पोचवणाऱ्या बाहेरच्या यंत्राचं, सेटिंगही वेगळं लागतं. प्रश्न न ठरवता मोजलेला आकडा पुढे कुणाच्याच कामाला येत नाही.

दुसरी पायरी: ऐकवायचं काय

सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो, कारण परदेशातली तयार सामग्री आपल्याला जशीच्या तशी चालत नाही.

इंग्रजीत निवडीला भरपूर वाव आहे. १९९४ सालच्या हिंट चाचणीत प्रत्येकी १० वाक्यांच्या २५ याद्या आहेत. ॲझबायोच्या यादीत २० वाक्यं असतात, ती दोन पुरुष आणि दोन स्त्रियांच्या आवाजात असतात, आणि २०११ च्या मिनिमम स्पीच टेस्ट बॅटरीत (सीआयसाठीच्या चाचण्यांच्या ठरावीक संचात) तिचा समावेश झाला. तिसरा प्रकार मॅट्रिक्स चाचणीचा. स्वीडनमध्ये हॅगरमननी १९८२ साली तो मांडला. प्रत्येक वाक्यात पाच शब्द, प्रत्येक जागेसाठी दहा पर्याय, आणि त्यांची अदलाबदल करून वाक्यं जुळवायची. वाक्य अर्थाने जरा विचित्र होतं, त्यामुळे पुढचा शब्द ओळखता येत नाही आणि तीच यादी पुन्हा वापरली तरी फारसं बिघडत नाही. चौथा प्रकार अंकांचा: गोंगाटात तीन-तीन अंक ऐकवायचे आणि ते परत विचारायचे.

मराठीसाठी सामग्री निवडताना किंवा तुमच्या विभागात तयार करताना पुढच्या गोष्टी तपासा.

वाक्यं रेकॉर्ड केलेलीच हवीत. समोर बसून स्वतः वाक्यं म्हणू नका. कानावर गोंगाट पडला की बोलणारा नकळत आवाज चढवतो, शब्द ओढतो, आणि बोलणं आणि गोंगाट यांचं तुम्ही ठरवलेलं गुणोत्तर तिथेच बिघडतं. आज तुमचा आवाज, उद्या दुसऱ्या इंटर्नचा, अशाने तुलनाही होत नाही.

याद्या एकसारख्या अवघड आहेत हे आधी तपासलेलं असावं, तेही गोंगाटात. शांततेत सारख्या वाटणाऱ्या याद्या गोंगाटात सारख्या राहतीलच असं नाही.

मॅट्रिक्स वाक्यांत मराठी व्याकरण आपल्याला अडचणीत आणतं. "सुनीताने पाच जुन्या पेट्या विकल्या" हे वाक्य बघा. ऐकणाऱ्याला "पेट्या" कळलं नाही तरी "जुन्या" आणि "विकल्या" यांवरून वस्तू स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी आहे एवढं कळतं. दहांपैकी तीनच वस्तू स्त्रीलिंगी असतील तर त्याचं अर्धं काम झालं. म्हणून दहाही वस्तू एकाच लिंगाच्या आणि वचनाच्या ठेवाव्या लागतात, नाहीतर न बदलणारी विशेषणं (लाल, सुंदर, गोल) आणि क्रियापदाचं असं रूप वापरावं लागतं की कर्माने ते बदलणार नाही. "विकते" चालेल, "विकल्या" चालणार नाही.

अंकांतही अशीच एक मेख आहे. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे एका झटक्यात म्हणून होतात. सहा, नऊ आणि शून्य यांना दोन ठोके लागतात. सीआयमधून ठेका चांगला पोचतो, त्यामुळे दोन ठोके ऐकू आले की ध्वनी न ओळखताही रुग्णाला दहाच्या जागी तीनच पर्याय उरतात. यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक अंकाची पातळी अशी जुळवायची की सगळे अंक गोंगाटात सारखेच अवघड वाटतील. अंक सुटेच ऐकवा, "चार, सात, दोन" असे. "चारशे बहात्तर" म्हटलं तर तो वेगळाच खेळ होतो.

बोलीचाही विचार करा. नागपूरकडचा माणूस, सिंधुदुर्गातला माणूस आणि पुण्यातला माणूस यांच्या कानांना सवय असलेला उच्चार वेगवेगळा असतो. बोलणाऱ्याचा उच्चार सगळ्यांना ओळखीचा हवा आणि शब्द रोजच्या वापरातले हवेत. "उपाहारगृह" नको, "हॉटेल" हवं.

तिसरी पायरी: गोंगाट कोणता

दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात सतत एकसारखा येणारा आवाज असतो, आणि त्याचा ध्वनिपट (कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते) रेकॉर्डिंगमधल्या बोलण्याच्या सरासरी ध्वनिपटाशी जुळवलेला असतो. दुसरा म्हणजे बॅबल, अनेक माणसं एकदम बोलताना होतो तसा गलबला. बॅबल रोजच्या आयुष्याच्या जवळचा वाटतो. पहिल्या प्रकारात स्कोअर कमी हेलकावतो.

नव्याने शिकत असाल तर सुरुवात एकसारख्या गोंगाटाने करा. एकाच माणसाच्या बोलण्यासारखा चढउतार होणारा गोंगाट असला की चांगल्या कानांना मधल्या फटींतून शब्द टिपता येतात. इम्प्लांट वापरणाऱ्यांना त्या फटींचा फायदा फारसा होत नाही, हे नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. म्हणजे गोंगाटाचा प्रकार बदलला की सामान्य कान आणि इम्प्लांट यांच्यातलं अंतरही बदलतं. फाइलमध्ये "गोंगाटात ५५ टक्के" एवढंच लिहून का भागत नाही, ते इथे कळतं.

इंटरनेटवरून उतरवलेला "बाजाराचा आवाज" वापरू नका. त्यात मध्येच हॉर्न वाजतो, मध्येच शांतता होते, आणि कुठलं वाक्य हॉर्नखाली सापडेल याचा नेम नसतो.

चौथी पायरी: खोली, स्पीकर आणि कॅलिब्रेशन

स्पीकर रुग्णाच्या कानाच्या उंचीला, डोक्यापासून एक मीटरवर, बरोबर समोर ठेवा. पहिल्या चाचणीसाठी बोलणं आणि गोंगाट दोन्ही त्याच एका स्पीकरमधून येऊ द्या. जागा आणि दिशा यांचे प्रश्न त्यामुळे उद्भवत नाहीत, आणि दुसऱ्या क्लिनिकलाही हीच मांडणी करता येते. खुर्चीची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. छोट्या बूथमध्ये डोकं वीतभर सरकलं तरी पातळी बदलते.

आता ध्वनिपातळीमापक घ्या. खुर्ची जागेवर ठेवा, माणूस नको. डोक्याचा मध्य जिथे येईल तिथे मापकाचा मायक्रोफोन धरा. स्टँडवर बसवला तर उत्तम. वाक्यांच्या सरासरी पातळीइतकाच कॅलिब्रेशनचा आवाज सामग्रीसोबत दिलेला असतो, तो लावा आणि ठरवलेल्या पातळीला आणा. मिनिमम स्पीच टेस्ट बॅटरीत ६० डेसिबल ए सुचवले आहेत, युरोपातल्या बऱ्याच चाचण्यांत ६५ वापरतात. दोन्ही चालतील, फक्त मध्येच बदलू नका. मग फक्त गोंगाट लावून तोही मोजा.

यानंतर एक सोपी पडताळणी करा. कॅलिब्रेशनचा आवाज ६५ वर आणि गोंगाट ६५ वर ठेवून दोन्ही एकदम लावा. मापक साधारण ६८ दाखवेल, कारण दोन स्वतंत्र, समान पातळीचे आवाज मिळून ३ डेसिबलची भर पडते. गोंगाट ५५ वर आणला की एकूण जेमतेम ६५.४ येईल. याहून फारच वेगळं काही दिसलं तर मिक्सर, संगणकाचं साउंड सेटिंग किंवा ऑडिओमीटरच्या चॅनेलमध्ये गडबड आहे. "ध्वनी सुधारणा" नावाखाली संगणक स्वतःहून आवाज सपाट करत असतो, ते सगळे पर्याय बंद करा.

एसी आणि पंख्याकडेही लक्ष द्या. उन्हाळ्यात एसी बंद ठेवता येत नसेल तर चालू ठेवून खोलीची पातळी मोजा आणि लिहून ठेवा. तुम्ही वाजवणार असलेल्या सर्वांत हलक्या गोंगाटापेक्षा खोली किमान १०-१५ डेसिबलने तरी शांत हवी. नाहीतर रुग्ण एसीच्या गोंगाटात ऐकत असतो आणि तुमच्या कागदावर वेगळाच आकडा असतो.

ही सगळी मोजणी रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी: प्रोसेसर आणि दुसरा कान

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मायक्रोफोनचं कव्हर तपासा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाने ते लवकर खराब होतं, आणि बुजलेला मायक्रोफोन आधी गोंगाटातच दगा देतो, शांततेत पटकन कळून येत नाही. कोणता प्रोग्राम, आवाज किती, सेन्सिटिव्हिटी किती, मॅप कोणत्या तारखेचा, हे सगळं लिहा.

आजच्या प्रोसेसरमध्ये गोंगाट कमी करणाऱ्या आणि आजूबाजूची परिस्थिती ओळखून आपोआप प्रोग्राम बदलणाऱ्या सोयी असतात. त्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे तुमच्या पहिल्या पायरीच्या प्रश्नावर ठरतं. रोजच्या जगण्यात माणूस कसा ऐकतो हे बघायचं असेल तर रोज वापरतो तेच सेटिंग ठेवा. दोन मॅपची तुलना असेल तर आपोआप बदलणाऱ्या सोयी बंद करा, नाहीतर मधल्यामध्ये प्रोग्राम बदलेल आणि काय मोजलं ते कळणार नाही. बोलणं आणि गोंगाट दोन्ही समोरून येत असताना दिशादर्शक मायक्रोफोनचा लाभ दिसत नाही. तो बघायचा असेल तर गोंगाट बाजूने किंवा मागून वाजवावा लागतो.

या सोयींना स्थिरावायला काही सेकंद लागतात. म्हणून पहिल्या वाक्याच्या दहाएक सेकंद आधी गोंगाट सुरू करा आणि वाक्यांच्या मधेही तो चालू ठेवा. प्रत्येक वाक्याबरोबर गोंगाट चालू-बंद केला तर प्रोसेसर दर वेळी नव्याने जुळवून घेत राहतो, आणि रुग्णाला बरोबर वाक्याच्या सुरुवातीलाच त्रास होतो.

दुसऱ्या कानाने थोडंफार ऐकू येत असेल आणि तुम्हाला फक्त इम्प्लांटचा कान तपासायचा असेल, तर श्रवणयंत्र काढून त्या कानात फोमचा प्लग बसवा, वर इअरमफ घाला. इअरमफ इम्प्लांटच्या बाजूला दाबून कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती) हलवत नाही ना ते बघा.

ऑडिओ केबलने किंवा ब्लूटूथने थेट प्रोसेसरमध्ये आवाज सोडण्याची पद्धत सोयीची आहे, बूथ लागत नाही. त्यात मायक्रोफोन, डोक्याची सावली (डोकं आड आल्याने आवाज कमी होणं) आणि दिशा हे सगळं वगळलं जातं, म्हणून तो आकडा स्पीकरच्या आकड्याशेजारी ठेवू नये.

सहावी पायरी: सूचना आणि सराव

सूचना शांततेत, समोरासमोर बसून, ओठ दिसतील अशा द्या आणि छापील कागदही हातात द्या. वाक्यं साधी ठेवा. "काका, समोरून वाक्यं ऐकू येतील, सोबत गोंगाट असेल. जेवढं कळेल तेवढं म्हणून दाखवा. एकच शब्द कळला तरी सांगा. अंदाज केला तरी चालेल. सगळं कळणं अपेक्षितच नाही, ही चाचणी मुद्दाम अवघड केली आहे." शेवटचं वाक्य गाळू नका. चुका होताहेत असं वाटलं की बरीच माणसं गप्प बसतात, आणि न सांगितलेला शब्द आणि न कळलेला शब्द यांच्यातला फरक तुम्हाला कळत नाही.

सरावाची यादी प्रत्येकाला द्या, आधी शांततेत आणि मग सोप्या गोंगाटात. मॅट्रिक्स चाचणीत निदान २०-२० वाक्यांचे दोन सराव हवेत, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने सुरुवातीला स्कोअर झपाट्याने सुधारतो. ती सुधारणा मॅपच्या नावावर जमा होऊ देऊ नका.

वयस्क माणसं लवकर थकतात. गोंगाटात ऐकणं सीआय वापरणाऱ्याला फार मेहनतीचं असतं. दोन यादींनंतर पाणी, पाच मिनिटं विश्रांती. दोन मॅपची तुलना असेल तर एका रुग्णाला आधी जुना, दुसऱ्याला आधी नवा द्या, म्हणजे थकवा एकाच मॅपच्या वाट्याला येत नाही.

सातवी पायरी: ठरावीक पातळी की वर-खाली होणारी

ठरावीक पद्धतीत बोलणं आणि गोंगाट यांच्यातला फरक, म्हणजे एसएनआर, तुम्ही नक्की करता, उदाहरणार्थ +१० किंवा +५, आणि किती टक्के शब्द बरोबर आले ते मोजता. रुग्णाला समजावायला ही पद्धत सोपी पडते. तिच्यात टोकांना अडकायचा धोका असतो. ९५ टक्के आल्यावर सुधारणा दिसायला जागा उरत नाही, ५ टक्के आल्यावर घसरण दिसत नाही. स्कोअर २० ते ८० च्या दरम्यान येईल असा एसएनआर निवडा. शांततेत ८५-९० आलेल्या माणसाला +१० ने सुरुवात करा, तिथेही ८० च्या वर गेला तर +५ घ्या. प्रत्येक स्थितीला दोन याद्या द्या.

वर-खाली होणाऱ्या पद्धतीत वाक्य बरोबर आलं की एसएनआर कमी करायचा, चुकलं की वाढवायचा, आणि अर्धी वाक्यं जिथे बरोबर येतात तो बिंदू शोधायचा. हा झाला एसआरटी. समजा सुरुवात +१० ने केली. पहिल्या चार वाक्यांपर्यंत ४ डेसिबलची पायरी: +१० बरोबर, +६ बरोबर, +२ चूक, +६ बरोबर. आता पायरी २ डेसिबलची. पाचव्या वाक्यापासून विसाव्यापर्यंतच्या पातळ्या अशा आल्या: ४, २, ४, ६, ४, २, ४, २, ४, २, ४, ६, ४, २, ४, २. विसावं वाक्य चुकलं म्हणजे एकविसावं +४ वर वाजलं असतं, तोही आकडा धरायचा. सतरा आकड्यांची बेरीज ६०, सरासरी साधारण ३.५. एसआरटी +३.५ डेसिबल.

आकडे ४ च्या आसपास घुटमळताहेत हे बघा. ते घुटमळत नसतील, १२, १४, १६, १८ असे चढतच गेले असतील, तर एसआरटी लिहू नका. +२० वर गोंगाट जवळपास उरतच नाही. तिथे तुम्ही शांततेतलंच ऐकणं मोजत असता. शांततेतच निम्म्याहून कमी वाक्यं कळणाऱ्या माणसाला ही पद्धत लावू नये. त्याच्यासाठी अंक किंवा पर्यायांतून निवडायचे शब्द घ्या.

एसएनआर बदलताना हलवायचं काय, बोलणं की गोंगाट? चांगल्या कानांना फारसा फरक पडत नाही. सीआयमध्ये पडतो, कारण प्रोसेसर ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबतो. न्यूक्लियसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ही वरची मर्यादा ६५ डेसिबलच्या आसपास असते. गोंगाट ६५ वर पक्का ठेवून बोलणं ८० पर्यंत चढवलंत तर बोलणं दाबलं जातं आणि तुम्हाला वाटतं तेवढा एसएनआर इलेक्ट्रोडपर्यंत पोचतच नाही. मी बोलणं ६५ वर पक्कं ठेवून गोंगाट हलवण्याच्या बाजूचा आहे. जे ठरवाल ते कागदावर असू द्या.

आठवी पायरी: मार्क कसे द्यायचे

नियम आधी लिहा, भिंतीवर लावा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. एक उदाहरण मीच केलं आहे:

वाक्य: काकूंनी भाजीत थोडं मीठ घातलं.
उत्तर: काकूनं भाजी थोडं पीठ घातलं.

पूर्ण शब्द जसाच्या तसा हवा असं धरलं तर "थोडं" आणि "घातलं" हे दोनच बरोबर, म्हणजे ४० टक्के. मूळ शब्द कळला की मार्क द्यायचा असं धरलं तर "काकू" आणि "भाजी" हेही बरोबर, म्हणजे ८० टक्के. एकच कान, एकच उत्तर, आणि स्कोअर दुप्पट. माझं मत असं, की क्लिनिकमध्ये मूळ शब्दाचा नियम ठेवावा, कारण "काकूंनी" आणि "काकूनं" हा फरक बऱ्याचदा बोलण्याच्या सवयीचा असतो. "केलं-केले", "गेलो होतो-गेलतो" यांनाही पूर्ण मार्क. वर-खाली होणाऱ्या पद्धतीत "वाक्य बरोबर" कशाला म्हणायचं तेही याच नियमात बसवा.

उत्तर शब्दशः लिहून ठेवा, नुसती बरोबर-चूकची खूण करू नका. "मीठ"चं "पीठ" झालं यात माहिती आहे. दोन्ही ओठांनीच उच्चारले जातात, चुकला तो नाकातला आवाज. "पान"चं "कान" होतं तेव्हा उच्चाराची जागा चुकलेली असते, आणि सीआयमध्ये जागेच्याच चुका जास्त दिसतात. एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा येत असेल तर मॅपिंग करणाऱ्याला आणि थेरपिस्टला तो कागद दाखवा.

रुग्णाचं स्वतःचं बोलणं अस्पष्ट असेल तर उत्तर लिहून घ्या किंवा पर्यायांवर बोट ठेवायला सांगा. त्याच्या उच्चाराची शिक्षा त्याच्या कानाला होऊ नये.

नववी पायरी: आकडा वाचणं

५० शब्दांच्या यादीत ५० टक्के आले, पुढच्या वेळी ६२ आले. सुधारणा झाली का? थॉर्नटन आणि रॅफिन यांनी १९७८ साली हेच गणित मांडलं. ५० शब्दांना ५० टक्के असतील तर पुन्हा घेतलेला स्कोअर ३२ ते ६८ मध्ये कुठेही असला तरी तो नुसत्या योगायोगाने आलेला असू शकतो. २५ च शब्द असतील तर ही पट्टी २४ ते ७६ इतकी रुंद होते. वाक्यातले शब्द एकमेकांच्या आधाराने कळतात, त्यामुळे खरी अनिश्चितता याहूनही थोडी जास्त धरा. यावर इलाज एकच, जास्त याद्या. एसआरटीतही दोन यादींमध्ये डेसिबल-दीड डेसिबल इकडे-तिकडे होतंच. तेवढ्यावरून मॅप बदलू नका.

वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. समोरून गोंगाट असताना चांगल्या कानांचा इंग्रजी हिंटवरचा एसआरटी उणे २.६ च्या आसपास असतो, जर्मन मॅट्रिक्स चाचणीवर तो उणे ७ च्या आसपास असतो. कान तेवढेच चांगले आहेत, चाचणी वेगळी आहे. म्हणून तुमच्या सामग्रीवर, तुमच्याच बूथमध्ये, चांगलं ऐकू येणाऱ्या तरुण मराठीभाषकांचे आकडे आधी गोळा करा. वर्गातले विद्यार्थी मिळतातच. सीआय वापरणाऱ्यांचा एसआरटी बहुतेक वेळा शून्याच्या वर येतो, आणि माणसामाणसांत फरक खूप मोठा असतो.

चाचणीसोबत एक प्रश्नावलीही द्या. गेटहाउस आणि नोबल यांची २००४ सालची एसएसक्यू प्रश्नावली बोलणं, दिशा आणि आवाजाचा दर्जा यांबद्दल विचारते, आणि तिची १२ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. बूथमधला आकडा आणि माणसाचा अनुभव यांचा मेळ बसला नाही तर खोटं कुणीच बोलत नसतं. त्याच्या दिवसात कोणती ठिकाणं येतात ते विचारा आणि गोंगाटाची दिशा, पातळी त्याप्रमाणे बदलून एक जादा चाचणी घ्या.

लहान मुलांबद्दल थोडं

मुलाला शब्दच माहीत नसेल तर तुम्ही भाषा मोजता, कान नाही. घरी अहिराणी किंवा कोकणी, थेरपी मराठीतून आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी मुलं आपल्याकडे सर्रास असतात. आईला शब्दांची यादी आधी दाखवा आणि मुलाला येत नसलेले शब्द काढून टाका. चार चित्रांतून एकावर बोट ठेवायला सांगा. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही २५ टक्के येतात हे विसरू नका. अंक वापरायचे तर तीन अंक लक्षात ठेवणं लहान मुलाला झेपतं का ते आधी शांततेत बघून घ्या. झेपत नसेल तर दोनच अंक द्या. एका वेळी एकच यादी, मग खेळ.

शेवटची पायरी: फाइलमध्ये काय लिहायचं, आणि स्कोअर घसरला तर

नोंद अशी असावी: "उजवा सीआय, डावा कान प्लग आणि इअरमफने बंद. रोजचा प्रोग्राम, आपोआप बदल बंद. मराठी वाक्यं, यादी ४ आणि ७, रेकॉर्डेड स्त्री आवाज. बोलणं ६५ डेसिबल ए, एकसारखा गोंगाट, दोन्ही समोरून, एक मीटर. एसएनआर +५. मूळ शब्दाचा नियम. ५४ आणि ५८ टक्के." कोणत्या याद्या वापरल्या ते लिहिलंत तर पुढच्या भेटीत त्याच पुन्हा वापरल्या जाणार नाहीत.

पुढच्या भेटीत स्कोअर स्पष्टपणे घसरला, म्हणजे ५६ चा २० झाला, तर लगेच मॅपला हात लावू नका. आधी तुमचंच कॅलिब्रेशन पुन्हा करा. मग मायक्रोफोनचं कव्हर आणि केबल बदलून, शक्य असेल तर दुसरा प्रोसेसर लावून एक यादी घ्या. मग इम्पीडन्स (इलेक्ट्रोडचा विजेला होणारा अडथळा) बघा, एखादा इलेक्ट्रोड बंद पडला आहे का ते तपासा. मधल्या काळात ताप, चक्कर, कानाचा आजार, डोक्याला मार असं काही झालं का ते विचारा, आणि झालं असेल तर सर्जनकडे पाठवा. प्रोसेसर दिवसातून किती तास लावला जातो तेही सॉफ्टवेअरमधल्या नोंदींत दिसतं. बऱ्याच वेळा शाळेच्या सुट्टीत तो कपाटातच पडलेला असतो. हे सगळं नीट निघालं तरच मॅप उघडा, आणि बदल केल्यावर त्याच मांडणीत, नव्या दोन यादींनी, पुन्हा मोजा.